साबणातली नांगी आणि खारपाणपट्ट्याचे पाणी

१९३० च्या एप्रिल महिन्यात गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचलले आणि देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. पण वऱ्हाडातल्या लोकांनी काय करावे? समुद्र तर शेकडो किलोमीटर दूर. तरीही त्याच महिन्यात अकोला जिल्ह्यातील दहीहंडा या गावी सत्याग्रहींनी मीठ तयार करून कायदा मोडला. हे मीठ आले कोठून? ते आले विहिरीच्या पाण्यातून. पूर्णा नदीच्या खोऱ्यात पाणी इतके खारे लागते की, त्यापासून मीठ काढण्याचा उद्योग तेथे पूर्वी चालत असे. सत्याग्रहींनी तीच जुनी विद्या वापरली.

इतिहासाच्या तासाला ही हकिकत आपण सांगतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. पण ज्या पाण्यातून मीठ निघते, त्या पाण्याने माणसे आंघोळ कशी करत असतील, कपडे कसे धूत असतील, हा प्रश्न विज्ञानाच्या तासाचा आहे. आज आपल्या घरातल्या कोणत्याही साबणाचे वेष्टन हाती घ्या. घटकद्रव्यांच्या यादीत शेवटी शेवटी ‘टेट्रासोडियम ईडीटीए’ किंवा ‘एटिड्रॉनिक आम्ल’ अशी नावे बारीक अक्षरांत दिसतात. चेहऱ्याला लावायच्या क्रीमच्या डबीवर ‘डायसोडियम ईडीटीए’ असते. ही द्रव्ये तेथे कशासाठी असतात? त्यांचा दहीहंड्याच्या विहिरीशी काही संबंध आहे का? या दोन प्रश्नांचा माग काढत आपण वऱ्हाडापासून निघू आणि पुन्हा वऱ्हाडात येऊ.

खारपाणपट्टा

सातपुड्याच्या गाविलगड रांगा उत्तरेला आणि अजिंठ्याचे डोंगर दक्षिणेला. या दोहोंमध्ये पूर्णेचे सपाट खोरे पसरले आहे. नदी अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहत जाऊन तापीला मिळते. लक्षावधी वर्षांत येथे गाळाचे जाड थर साठले. माती चिकण, पाण्याचा निचरा मंद, ऊन कडक. पाणी वर खेचले जाऊन वाफेने उडून जाते आणि त्यातले क्षार मागे राहतात. सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा प्रदेश ‘खारपाणपट्टा’ म्हणून ओळखला जातो. तिन्ही जिल्ह्यांतली मिळून ८०० हून अधिक गावे त्यात येतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने (स्थापना १९६९) या जमिनींचा आणि पाण्याचा पुष्कळ अभ्यास केला आहे. तो अर्थातच पिकांच्या दृष्टीने. आपण येथे न्हाणीघराच्या दृष्टीने पाहणार आहोत.

येथे एक घोटाळा प्रथमच दूर करायला हवा. ‘खारे पाणी’ आणि ‘कठीण पाणी’ या दोन गोष्टी एक नव्हेत. खारेपणा मुख्यतः सोडियमच्या क्षारांमुळे, म्हणजे ओळखीच्या मिठामुळे जाणवतो. कठीणपणा कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या आयनांमुळे येतो. अशा पाण्यात साबणाचा फेस होत नाही, म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्याला ‘दुष्फेन’ असे नेमके नाव दिले. एखाद्या विहिरीचे पाणी चवीला मचूळ असूनही त्यात कॅल्शियम थोडे असेल तर साबण बऱ्यापैकी फेसाळतो. उलट, चवीला गोड लागणाऱ्या पाण्यातही साबणाच्या कवड्या होऊ शकतात. जिभेची परीक्षा वेगळी आणि साबणाची परीक्षा वेगळी.

साबण म्हणजे लांब शेपटीच्या मेदाम्लाचा सोडियम क्षार. तो पाण्यात विरघळतो. पण कॅल्शियमचा एक आयन भेटला की, तो साबणाचे दोन रेणू पकडतो आणि कॅल्शियम-साबण तयार होतो. हा पाण्यात विरघळत नाही. बादलीच्या कडेला बसणारा चिकट राखाडी थर, केसांना येणारा राठपणा, धुतलेल्या पांढऱ्या धोतराला हळूहळू चढणारी पिवळट छटा, या साऱ्यांमागे हा कॅल्शियम-साबण असतो. पाण्यातले सगळे कॅल्शियम असे खर्ची पडेपर्यंत साबण फेस देत नाही.

फार खाऱ्या पाण्यात मात्र निव्वळ मीठही साबणाला नकोसे होते. साबणाच्या कारखान्यात तयार साबण वेगळा काढण्यासाठी कढईत मुद्दाम मिठाचे दाट पाणी घालतात. साबण वर तरंगून येतो. घरगुती वापराच्या बहुतेक विहिरींत मीठ इतके नसते. तेथे खरे गुन्हेगार कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हेच.

परटाची विद्या आणि लोणारचा खार

कपडे धुणाऱ्याला हे सारे नावानिशी ठाऊक नसेल, पण अनुभवाने पक्के ठाऊक होते. वऱ्हाडचे थोर संत गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये एका परीट कुटुंबात जन्मले आणि आजोळी, मूर्तिजापूर तालुक्यातील पूर्णाकाठच्या दापुरे गावी वाढले. ज्या समाजाचा व्यवसायच धुण्याचा, त्याला कोणत्या विहिरीचे पाणी धुण्याला चांगले आणि कोणते वाईट हे माहीत असणे भागच होते. पावसाचे पाणी सर्वांत चांगले, वाहत्या नदीचे त्याखालोखाल आणि उन्हाळ्यातले विहिरीचे सर्वांत वाईट, ही क्रमवारी आजच्या रसायनशास्त्रालाही मान्य होईल.

वाईट पाण्यावर दोन उपाय होते. पहिला उपाय साबण टाळण्याचा. रिठा आणि शिकेकाई यांत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांचाही फेस होतो, पण ती साबणासारखी मेदाम्लाचे क्षार नव्हेत. कॅल्शियम त्यांना अडवत नाही. म्हणून कठीण पाण्यातही रिठा आपले काम करतो. बेसन लावून अंग चोळणे हीदेखील साबणाला फाटा देण्याचीच युक्ती. तेलकटपणा पिठाने शोषला जातो आणि कॅल्शियमशी भांडण उरतच नाही.

दुसरा उपाय पाणीच सुधारण्याचा. धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, पाण्यात टाकला की कॅल्शियम खडूच्या रूपाने खाली बसतो; मग साबण मोकळा होतो. या सोड्याची एक निसर्गदत्त खाण वऱ्हाडातच होती, ती म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर. अकबराच्या दरबारातील अबुल फजल याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारची दखल घेतली आहे. काच आणि साबण बनवण्याला लागणारी द्रव्ये तेथे मिळतात, असे त्याने नोंदवले. उन्हाळ्यात सरोवर आटले की, काठाला जमणारे क्षार गोळा करत आणि प्रतीनुसार त्यांना दल्ला, खुपल, पापडी अशी नावे देत. या क्षारांत सोडियमची कार्बोनेटे भरपूर असतात.

सोड्याची रीत चांगली, पण तिला दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे पाणी झोंबण्याइतके क्षारधर्मी होते. परटाच्या हातांना भेगा पडण्याचे कारण पुष्कळ अंशी हेच. दुसरी म्हणजे खडूचा साका कोठेतरी बसतोच. कपड्याच्या धाग्यांत बसला तर कापड खरखरीत होते. कॅल्शियम पाण्याबाहेर न घालवता, पाण्यातच पण बांधून ठेवता आला तर? एखाद्या खोडकर मुलाला वर्गाबाहेर न काढता दोन शहाण्या मुलांच्या मध्ये बसवावे, तसे. हा विचार प्रत्यक्षात यायला विसावे शतक उजाडावे लागले.

खेकड्याची नांगी

१८९३ मध्ये आल्फ्रेड वेर्नर या तरुण रसायनशास्त्रज्ञाने असे मांडले की, धातूच्या आयनाभोवती ठराविक जागा असतात आणि त्या जागांवर इतर रेणू वा आयन येऊन बसतात. कोबाल्टच्या संयुगांतील कितीतरी कोडी या कल्पनेने उलगडली. वेर्नरला १९१३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आता अशी कल्पना करा की, एकच रेणू धातूला एका जागी न धरता दोन ठिकाणी धरतो आहे. खेकडा दोन्ही नांग्यांनी काडी पकडतो, तसे. १९२० मध्ये गिल्बर्ट मॉर्गन आणि हॅरी ड्रू या इंग्रज संशोधकांनी अशा पकडीला नाव दिले ‘कीलेट’. ग्रीक भाषेत ‘खेले’ म्हणजे खेकड्याची नांगी. पकड जितक्या अधिक ठिकाणी, तितकी घट्ट. दोरीला एक गाठ असली तर ती चटकन सुटते. सहा गाठी एकदम सुटायला फार वेळ लागतो.

नांग्यांचा उद्योगात उपयोग झाला तो कापडाच्या गरजेतून. रंग देताना आणि छपाई करताना पाण्यातले कॅल्शियम रंग बिघडवते. त्याला आवर घालण्यासाठी सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबातले आम्ल, वापरता येत असे. पण जर्मनीला ते आयात करावे लागे. स्वदेशी पर्याय शोधताना आय. जी. फार्बेन या कंपनीतील फर्डिनांड म्युन्झ याने १९३५ च्या सुमारास एक नवा रेणू तयार करून त्याचे पेटंट घेतले. त्याचे नाव एथिलीन-डायअमाइन-टेट्राॲसिटिक आम्ल, म्हणजेच ईडीटीए. या रेणूला धातू धरण्याच्या सहा जागा आहेत: दोन नायट्रोजन आणि चार ऑक्सिजन. धातूच्या आयनाला तो चहूबाजूंनी कवळतो. कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडाच्या शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. आज क्रीमच्या डबीत बसलेले हे द्रव्य मुळात कापडाच्या रंगशाळेसाठी जन्माला आले.

१९४५ च्या सुमारास झुरिक येथे गेरोल्ड श्वार्झेनबाख याने याच ईडीटीएचा वापर करून पाण्याचा कठीणपणा मोजण्याची रीत बसवली. पूर्वी ही मोजणी साबणाच्या द्रावणाने होत असे; ॲबर्डीनच्या थॉमस क्लार्क याने १८४१ च्या सुमारास ती पद्धत रूढ केली होती. किती थेंबांना फेस टिकतो ते पाहायचे, हे त्या पद्धतीचे सूत्र. ईडीटीएची रीत कितीतरी अचूक ठरली. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ब्युरेटमधून थेंब थेंब सोडताना द्रावण लालसर जांभळ्याचे निळे होते, तो क्षण विज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचा आहे. तेथे आपण दुसरेतिसरे काही करत नसून नांग्या मोजत असतो.

पकड किती घट्ट आहे हेही मोजता येते. त्या अंकाला ‘स्थिरता-स्थिरांक’ म्हणतात. तो फार मोठा असल्याने त्याचा लॉगॅरिदम सांगण्याची प्रथा आहे. ईडीटीएच्या बाबतीत हे आकडे असे: सोडियम १.७, मॅग्नेशियम ८.७, कॅल्शियम १०.७, तांबे १८.८ आणि तीन भार असलेले लोह २५.१. हे आकडे नीट पाहिले तर पुढची सगळी कथा त्यांत आहे. सोडियमवर पकड जवळजवळ नाही, म्हणजे मीठ ईडीटीएला जुमानत नाही. कॅल्शियमवरची पकड बरी आहे. पण लोहावरची पकड कॅल्शियमच्या मानाने १० चा १४ वा घात इतक्या पटींनी घट्ट! नांगीत कॅल्शियम असला आणि शेजारी लोह आले, तर ती कॅल्शियमला सोडून लोहाला धरू पाहते.

असे स्थिरांक मोजण्याचे काम आपल्याकडे, वऱ्हाडातही, पुष्कळ झाले आहे. अमरावतीचे १९२३ मध्ये किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झालेले आणि पुढे शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था झालेले महाविद्यालय, तसेच अमरावती-अकोल्याची इतर विज्ञान महाविद्यालये यांच्या रसायनशास्त्र विभागांतून नवनवे सेंद्रिय रेणू तयार करायचे आणि त्यांची धातूंवरची पकड मोजायची, असे संशोधन वर्षानुवर्षे चालत आले. त्यासाठी फार महागडी उपकरणे लागत नाहीत. चांगला पीएच-मापक, ब्युरेट आणि चिकाटी एवढे पुरते. जिल्ह्याच्या गावी राहूनही विज्ञानात भर घालता येते, याचे हे उदाहरण आहे.

त्वचेवरची पहिली नांगी

कीलेट त्वचेपर्यंत आले ते मात्र सौंदर्यासाठी नव्हे, तर युद्धामुळे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ‘लुइसाइट’ नावाचे आर्सेनिकयुक्त रासायनिक अस्त्र तयार झाले होते. ते त्वचेला लागले की मोठाले फोड येत. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी ऑक्सफर्डच्या रुडॉल्फ पीटर्स यांच्या प्रयोगशाळेत त्यावर उतारा शोधण्याचे काम गुप्तपणे सुरू झाले. आर्सेनिक शरीरातील प्रथिनांच्या गंधकयुक्त गटांना चिकटते, हे त्यांना कळले होते. मग दोन गंधकगट असलेला एक छोटा रेणू त्यांनी बनवला. आर्सेनिक प्रथिनाला सोडून या रेणूच्या नांगीत अडकत असे. १९४५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. या औषधाचे नाव ‘बाल’, म्हणजे ‘ब्रिटिश अँटी-लुइसाइट’. त्याचे मलम त्वचेवर लावण्यासाठी तयार केले गेले. पुढे आर्सेनिक व पाऱ्याच्या विषबाधेवर हे औषध वापरात आले आणि १९५० नंतर शिशाच्या विषबाधेवर ईडीटीएचा कॅल्शियमयुक्त क्षारही वापरू लागले.

क्रीमच्या डबीत काय घडते?

युद्ध संपले आणि घरोघरी क्रीम, लोशन, शाम्पू यांचा खप वाढू लागला. क्रीम म्हणजे तेल आणि पाणी यांचे एकजीव मिश्रण. ते महिनोन् महिने डबीत टिकले पाहिजे. त्याला दोन धोके असतात.

पहिला धोका खवट होण्याचा. हवेतील ऑक्सिजनमुळे तेल हळूहळू बिघडते. पण लोह किंवा तांबे यांचा नुसता अंश असला, दहा लाखांत एखादा भाग, तरी ही क्रिया झपाट्याने होते. १८९४ मध्ये हेन्री फेंटन याने लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची जी विलक्षण जलद क्रिया दाखवली, तिचाच हा भाऊबंद. धातू येतो कोठून? यंत्राच्या भांड्यातून, नळातून, तेलातून आणि पाण्यातून. साबणाच्या वडीवर कधी कधी नारिंगी-तपकिरी ठिपके उठतात आणि तेलकट वास येतो, तो याच बिघाडाचा पुरावा. ईडीटीए या धातूंना नांगीत धरून ठेवतो आणि त्यांची खोडी बंद होते. साबण क्षारधर्मी असतो. तेथे लोह ईडीटीएच्या हातून निसटू पाहते. म्हणून साबणात त्याच्या जोडीला एटिड्रॉनिक आम्ल घालतात. वेष्टनावरची ही जोडगोळी त्यासाठी असते.

दुसरा धोका जंतूंचा. क्रीममध्ये पाणी असल्याने जिवाणू वाढू शकतात. त्यांतला ‘सूडोमोनास’ हा जिवाणू विशेष हट्टी. त्याच्या बाहेरच्या आवरणातील रेणू कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या आयनांनी एकमेकांना जोडलेले असतात, जणू विटांमधला चुना. हे आवरण परिरक्षक द्रव्याला आत शिरू देत नाही. १९६५ च्या सुमारास झालेल्या प्रयोगांतून दिसले की, ईडीटीए हा चुनाच ओढून काढतो. भिंत खिळखिळी होते आणि परिरक्षक सहज आत जातो. त्यामुळे परिरक्षकाचे प्रमाण कमी ठेवता येते. ज्यांची त्वचा परिरक्षकांनी खाजते त्यांच्या दृष्टीने ही मोठीच सोय.

म्हणजे पाहा, क्रीममधला ईडीटीए त्वचेचे पोषण करत नाही, तिला उजळही करत नाही. तो राखण करतो, आणि राखण करतो ती क्रीमची! त्वचेतून तो आत जातो तोही अत्यल्प. अमेरिकेतील प्रसाधनद्रव्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या तज्ज्ञमंडळाने २००२ मध्ये प्रसाधनांतील त्याचा प्रचलित वापर सुरक्षित ठरवला.

एक हिशेब

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. साबणात ईडीटीए आहे म्हणजे खारपाणपट्ट्यातील माणसाच्या आंघोळीचे पाणी त्याने सुधारेल का? याचे उत्तर मतांनी न देता आकड्यांनी देऊ. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हा हिशेब स्वतः करता येईल.

समजा, विहिरीच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. कॅल्शियम कार्बोनेटचा रेणुभार १००. म्हणजे लिटरमध्ये ५ मिलिमोल झाले. २० लिटरच्या बादलीत १०० मिलिमोल, अर्थात ०.१ मोल. एक नांगी एकच आयन धरते, म्हणून ईडीटीएही ०.१ मोल लागेल. प्रयोगशाळेतील डायसोडियम क्षाराचा रेणुभार ३७२ धरला, तर सुमारे ३७ ग्रॅम. एका बादलीला!

आता १०० ग्रॅमच्या वडीत ईडीटीए किती असते? ०.१ टक्का धरू, म्हणजे ०.१ ग्रॅम. एवढ्यात सुमारे पाऊण शतांश मोल असेल असे वाटते का? नाही, ते भरते जेमतेम ०.२७ मिलिमोल. ५ ने भागले तर उत्तर येते ०.०५ लिटर. म्हणजे अख्ख्या वडीतला ईडीटीए एका लहान वाटीइतके, ५० मिलिलिटर, पाणी सुफेन करील. वडी मात्र अनेक दिवस पुरवायची असते.

उलट बाजूनेही पाहू. बादलीतल्या ०.१ मोल कॅल्शियमला ०.२ मोल साबण लागतो. सोडियम स्टिअरेटचा रेणुभार ३०६. म्हणजे सुमारे ६१ ग्रॅम साबण फेस न देताच कवड्यांत जाईल. आपण साबण साऱ्या बादलीत कालवत नाही म्हणून प्रत्यक्षात इतके नुकसान होत नाही, पण कठीण पाण्याच्या गावात साबणाचा खर्च जास्त का येतो, हे यातून उमगते. जेथे पाणी वाईट, तेथे हा छुपा कर रोज भरावा लागतो आणि तो गरिबालाही चुकत नाही.

तेव्हा निष्कर्ष स्पष्ट आहे. साबणातली नांगी साबणाच्या रक्षणासाठी आहे. आपल्या विहिरीच्या पाण्याशी झुंजण्याचे बळ तिच्यात नाही. ‘खाऱ्या पाण्यावर खास’ असा दावा कोणी केला तर त्याला प्रथम प्रमाण विचारावे.

त्वचेचे काय?

कठीण पाण्याने त्वचा बिघडते का? याविषयी अभ्यास झाले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकसुरी नाहीत, म्हणूनच ते शिकवण्याजोगे आहेत. १९९८ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम परिसराच्या पाहणीत कठीण पाण्याच्या भागातील प्राथमिक शाळेच्या मुलांत इसब अधिक आढळला. मग २०११ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. इसब असलेल्या ३३६ मुलांपैकी निम्म्यांच्या घरी पाणी सुफेन करणारे यंत्र बसवले. बारा आठवड्यांनंतर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. २०१८ मध्ये शेफील्डच्या संशोधकांनी दाखवले की, कठीण पाण्याने धुतल्यावर प्रक्षालकाचा अंश त्वचेवर अधिक उरतो आणि तो त्वचेला चुरचुरवतो.

तिन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले तर चित्र काहीसे असे दिसते: इसब एकदा जडला की नुसते पाणी बदलून तो जात नाही, परंतु त्वचेवर उरलेला साबण त्रास वाढवू शकतो. यातून साधा सल्ला निघतो. कठीण पाण्याच्या गावात साबण बेताने वापरावा, शेवटचा तांब्या जमल्यास पावसाच्या किंवा नळाच्या चांगल्या पाण्याचा घ्यावा आणि आंघोळीनंतर अंगाला थोडे तेल लावावे. आजीबाईंच्या सल्ल्यात आणि यात फारसे अंतर नाही. खाजेचा त्रास टिकून राहिला तर अर्थातच डॉक्टरांना दाखवावे.

ईडीटीएची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हा रेणू जिवाणूंकडून सहज विघटित होत नाही. सांडपाण्यातून नदीत गेला की तो तेथे दीर्घकाळ राहतो आणि गाळातले धातू पुन्हा पाण्यात उतरवू शकतो. म्हणून आता लवकर विघटन होणाऱ्या नांग्यांकडे उद्योग वळू लागला आहे. अमिनो आम्लांपासून केलेली काही कीलेटे, ग्लुकोनेट, धान्याच्या कोंड्यातले फायटिक आम्ल ही त्यांतली काही. ज्या सायट्रिक आम्लाला पर्याय म्हणून ईडीटीए आला, तेही पुन्हा यादीत दिसू लागले आहे.

वर्गात करून पाहा

चार सारख्या बाटल्या घ्या. पहिलीत पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी, दुसरी, तिसरी आणि चौथीत गावच्या विहिरीचे पाणी, प्रत्येकी ५० मिलिलिटर. तिसरीत चिमूटभर धुण्याचा सोडा टाकून पाणी निवळू द्या आणि वरचे नितळ पाणी घ्या. चौथीत शिक्षकांनी जवळच्या महाविद्यालयातून आणलेल्या डायसोडियम ईडीटीएची चिमूट आणि किंचित सोडा टाकावा. साबणाचा कीस पाण्यात विरघळवून ते द्रावण ड्रॉपरने थेंब थेंब घाला, दर वेळी हलवा आणि दोन मिनिटे टिकणारा फेस येईपर्यंतचे थेंब मोजा. द्रव्ये डोळ्यांत आणि तोंडात जाऊ देऊ नका, हात धुवा. दुसऱ्या बाटलीत फेस आल्यावर बुडाशी पाहा. तेथल्या कवड्या म्हणजेच कॅल्शियम-साबण. त्यात ईडीटीए आणि सोडा घालून पुन्हा हलवले तर कवड्या विरत जातात आणि फेस वाढतो. नांगीने कॅल्शियमला साबणाच्या हातून सोडवल्याचे हे डोळ्यांना दिसणारे प्रमाण.

गावातल्या प्रत्येक विहिरीसाठी थेंबांचा आकडा नकाशावर लिहा. मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा असे दोनदा केले तर नकाशा बोलू लागेल. खारपाणपट्ट्यातील एखाद्या शाळेने हा नकाशा केला, तर आपल्या गावाचे कोणते पाणी कशासाठी राखून ठेवावे हे मुलेच मोठ्यांना सांगू शकतील. १९३० मध्ये दहीहंड्याच्या लोकांना आपल्या विहिरीत काय आहे हे ठाऊक होते, म्हणून ते सत्याग्रह करू शकले. आपल्या मुलांनाही ते ठाऊक असायला हवे.